स्पायवेअरला मराठीत काय म्हणायचं? हेरगिरी, टेहळणी की पाळत

निशाचर:
पेगाससवर, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरून सगळं वाचणाऱ्या त्या स्पायवेअरवर, एक लेख भाषांतर करतोय. हेरगिरी, टेहळणी, पाळत तिन्ही आलटून पालटून वापरत होतो, मग वाटलं हे सारखेच आहेत का? 'हेरसॉफ्टवेअर' लिहून बघितलं, स्वतःलाच हसू आलं.

वांगीभात:
सारखे कुठले. टेहळणी बुरजावरून, लांबून. हेरगिरी शत्रूच्या मुलखात, बहिर्जी नाईक वगैरे. पाळत आपल्यातल्याच कोणावर तरी, आजी ओरडायची ना, बोका कधीचा पाळतीवर बसलाय, दूध झाक आधी. आता पत्रकाराच्या फोनमध्ये घुसले त्याला हेरगिरी म्हटलं की तो आपोआप शत्रूच होतो. माझं मत पाळतीला.

निशाचर:
पण पाळत ठेवणारा बाहेर असतो, टपरीवर पेपर तोंडासमोर धरून. हे तर आत शिरतं, २०१९ ला व्हॉट्सअ‍ॅपच्या मिस्ड कॉलमधून शिरलं, उचलायचीसुद्धा गरज नव्हती.

काळा कोट:
गोची तिथंच आहे. १८८५ चा जुना तार कायदा म्हणजे निरोप वाटेत अडवून वाचायचा असा होता, फोन टॅपिंगही त्यातच बसवलं, १९९६ ला सुप्रीम कोर्टाने अटी घातल्या, गृहसचिवाचा आदेश हवा, मुदत दोन महिने वगैरे. स्पायवेअर वाटेत थांबतच नाही, तुम्ही पाठवायच्या आधीच वाचतं, वर माइक कॅमेरा पण त्याच्याच ताब्यात. त्याला सरसकट टॅपिंग म्हणू नका, जुनीच परवानगी पुरेल असं वाटायला लागतं.

वांगीभात:
मग फितुरी म्हणा. गड आतूनच पडतो!

निशाचर:
फितूर पैसे खातो हो, फोन बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

काळा कोट:
शब्द वाईट नाही पण. फितुरीत पहिला प्रश्न पैसे कोणी मोजले हाच असतो, आणि पेगासस बनवणारी इस्रायली कंपनी एनएसओ म्हणते आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. आपल्याकडे पेगाससच्या चौकशीसाठी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर मिळालं, ते पेगाससच होतं असं ठाम सांगता आलं नाही, आणि केंद्राने सहकार्य केलं नाही हे सरन्यायाधीशांनी २०२२ ला भर कोर्टात सांगितलं. विकत घेतलं की नाही याचं सरळ उत्तर काही मिळालं नाही.

निशाचर:
बरं, नाम स्पायवेअरच ठेवतो, क्रियापद पाळत ठेवणं. हेरगिरी सात ठिकाणी होतं, खोडतोय. फितुरी मथळ्यात टाकून बघतो, संपादक काढतीलच.