स्कोपिंग रिव्ह्यू म्हणजे पळवाट का?

दोडामार्गकर:
आमच्याकडची एक मुलगी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करतेय, तिला माकडतापावर, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापावर, स्कोपिंग रिव्ह्यू (विषयावर कोणी काय काय अभ्यासलंय याचा आढावा) करायचाय, तर तिला सांगितलं गेलं की हे काय संशोधन नव्हे, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (दर्जा तपासलेल्या अभ्यासांतून एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर काढणं) कर नाहीतर विषय सोड. मला हे अजिबात पटलेलं नाही. हा ताप १९५७ ला शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडला, आमच्या सिंधुदुर्गात २०१६ मध्ये आला, आणि त्यावरचं लिखाण बघाल तर कोणी गोचिडांवर, कोणी माकडांवर, कोणी लशीवर, सगळं विखुरलेलं. मग कोणी कुठे काय बघितलंय आणि काय बघितलंच नाही हे आधी एका जागी मांडायला नको? आर्क्सी आणि ओमॅली या संशोधकांनी २००५ मध्ये स्कोपिंगची पद्धत दिली ती याचसाठी ना.

खाडीपलीकडचा:
पद्धत आहे हो, पाळतो कोण? स्कोपिंगमध्ये अभ्यासाचा दर्जा तपासायची सक्ती नाही, म्हणून भरभक्कम अभ्यास आणि चार पेशंटची नोंद एकाच तक्त्यात शेजारी बसतात. कर्नाटकात माकडतापाची लस वर्षानुवर्षं दिली, नंतर ती कितपत उपयोगी यावरच शंका आली. तुमचा रिव्ह्यू सांगणार लशीवर अमुक इतके पेपर आहेत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने त्याचं काय करायचं?

दोडामार्गकर:
लस चालते का, हा प्रश्न सिस्टिमॅटिकचाच, तिथे वाद नाही. तिचा प्रश्न वेगळाय. जेबीआय या संशोधन संस्थेच्या चौकटीत सांगायचं तर लोक कोण, जंगलाला लागून काम करणारे. संकल्पना, गोचिडांपासून बचाव. संदर्भ, पश्चिम घाट. आणि पळवाट कसली, स्कोपिंग रिव्ह्यूत काय काय लिहायचं याची २०१८ ची यादी आहे, प्रिस्मा-एससीआर, तिच्यात २० मुद्दे द्यावेच लागतात, वर दोन ऐच्छिक. प्रोटोकॉल (कामाचा आराखडा) आधी लिहायचा, पेपर दोघांनी वेगवेगळे चाळायचे, दोघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याला विचारायचं. महिनोन्‌महिने जातात त्यात.

काजूची बाग:
मी असल्या कामात चार्टिंग (प्रत्येक पेपरातली माहिती तक्त्यात भरणं) केलंय म्हणून सांगते, सगळा जीव त्या तक्त्यात असतो. "अभ्यासात कोण होतं" या रकान्यात नुसतं "शेतकरी" लिहून मोकळे झालात तर संपलं. आमच्याकडे काजू वेचणारी वेगळी, पातेरा (वाळका पाला) गोळा करणारी वेगळी, गुरं चारणारा वेगळा, आणि गोचिडांचा जोर नेमका काजूच्या हंगामातच. हे रकाने सुटे ठेवले तरच कळेल की कोणाकडे कोणी बघितलंच नाही. दर्जाची चर्चा करा पण आधी हे करा. आणि आर्क्सी-ओमॅलींच्या पद्धतीतला लोकांशी बोलायचा तो सहावा टप्पा, ऐच्छिक म्हणून सगळे गाळतात, तो तर गाळूच नका, आशाताईंना विचारलं तर निम्मे रकाने त्याच सुचवतील.

खाडीपलीकडचा:
रकान्यांचं पटलं. पण "कोणी बघितलंच नाही" म्हणायला शोध तेवढा पसरलेला हवा. नुसतं पबमेड (वैद्यकीय लेख शोधायची साइट) चाळून तसं म्हणता येत नाही, खात्याचे अहवाल, विद्यापीठातले प्रबंध, मराठीतलं लिखाण त्यात कुठे सापडणार? शिवाय प्रॉस्पेरो, जिथे रिव्ह्यू आधी नोंदवतात, ते स्कोपिंग रिव्ह्यू नोंदवून घेत नाही, मग मधेच प्रश्न बदलला तर पकडणार कोण?

दोडामार्गकर:
ओएसएफ या संशोधनाच्या खुल्या साइटवर टाकता येतो की प्रोटोकॉल, तारखेसकट. प्रश्न मधे थोडा बदलणं या पद्धतीत चालतं, फक्त काय बदललं नि का ते लिहायचं. अहवालांचं मात्र बरोबर बोललात, तिला आजच सांगतो.

खाडीपलीकडचा:
टाकला की लिंक द्या, वाचतो. पण शेवटी कुठे "लस प्रभावी" किंवा "(गोचिडांपासून बचावाचं) तेल लावल्याने फायदा" असं एक वाक्य जरी आलं ना, तर माझा विरोध आहे तिथेच आहे.