दोन शेजारी शहरं, एकच सांडपाणी केंद्र: खर्च कशावर वाटायचा?

नदीकाठ (प्रश्न):
एकाच नदीवरच्या दोन शहरांसाठी मिळून एक प्रक्रिया केंद्र बांधायचा प्रस्ताव आहे. वरच्या शहराचं सांडपाणी 12 एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) सरासरी 220 मिलिग्रॅम प्रति लिटर. खालच्या शहराचं 6 एमएलडी, पण कारखान्यांमुळे बीओडी 480. केंद्र खालच्या शहराच्या पुढे होईल, म्हणजे वरचं पाणी 9 किलोमीटर पंप करून आणावं लागेल. मसुद्यात खर्चाची वाटणी लोकसंख्येवर आहे. हे टिकेल का? करारात आधीच काय लिहून घ्यावं?

एरेशन:
टिकणार नाही. तुमचेच आकडे घ्या. एमएलडीला मिलिग्रॅम प्रति लिटरने गुणलं की रोजचे किलो मिळतात: वरचं शहर 2640 किलो बीओडी, खालचं 2880. पाण्याच्या हिशेबाने वाटणी 67:33, भाराच्या हिशेबाने 48:52. लोकसंख्येत हा फरक दिसतच नाही, कारण कारखान्यांना डोकी नसतात.

म्हणून प्रत्येक खर्च ज्या कारणाने वाढतो त्यावर टाका. पंप, चाळण्या, टाक्यांचं आकारमान पाण्यावर (तेही सरासरीवर नाही, कमाल प्रवाहावर). ब्लोअरची (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांची) वीज बीओडी आणि अमोनियावर. 1 किलो अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे 4.6 किलो ऑक्सिजन लागतो, त्यामुळे अमोनिया विसरू नका. गाळाचा खर्च घनपदार्थ आणि बीओडीवर. बांधकामाचं कर्ज मात्र राखून ठेवलेल्या क्षमतेवर, वापर कमी असला तरी. नाहीतर एक शहर क्षमता अडवून बसतं आणि हप्ते दुसरं भरतं.

कारखान्यांसाठी एक कलम वेगळं हवं: ज्या शहराच्या हद्दीत कारखाना, त्याच्या पूर्वप्रक्रियेची आणि तपासणीची जबाबदारी त्याच शहराची. नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट) करणारे जिवाणू हळू वाढतात. विषारी पाणी एका रात्रीत आलं तरी मेलेल्या जिवाणूंची जागा परत भरायला काही आठवडे जाऊ शकतात, आणि तेवढा काळ दोन्ही शहरांचा अमोनिया नदीत जातो.

चेंबर-मापक:
वाटणीचं सूत्र कितीही चांगलं असो, मोजमापावर भांडण होतंच. दोन्ही शहरांचं पाणी एकत्र मिसळण्याआधी, प्रत्येकाच्या वाहिनीवर स्वतंत्र मापक हवा. दाबनळीवर विद्युतचुंबकीय मापक लावा. नळी कायम भरलेली राहील अशी जागा निवडा आणि आधी निदान पाच व्यास सरळ लांबी ठेवा. उघड्या नाल्यात पार्शल फ्लूम (प्रवाह मोजायची अरुंद गळ्याची नाली) चालेल, पण खालून पाणी तुंबलं की तो जास्त प्रवाह दाखवतो. नमुना 24 तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात गोळा केलेला आणि 4 अंशांच्या आसपास थंड ठेवलेला हवा. त्याचे तीन भाग करा: एकेक दोन्ही शहरांच्या प्रयोगशाळांना आणि एक सीलबंद, वाद झाला तर तिसऱ्या प्रयोगशाळेसाठी. बीओडीचा नमुना फार काळ टिकत नाही, तेव्हा वाद उकरायची मुदत तासांत लिहा.

आता ती 9 किलोमीटरची नळी. 450 मिलिमीटर व्यास धरला तर तिच्यात सुमारे 1430 घनमीटर पाणी मावतं. 12 एमएलडीला ते तीन तासांच्या आत बाहेर पडतं. सुरुवातीला 5 एमएलडीच आलं तर जवळपास सात तास पडून राहतं, सडतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नळी जिथे मोकळी होते त्या चेंबरमध्ये तो वायू सुटतो, ओल्या काँक्रीटवर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि छत पोखरलं जातं. एकाऐवजी दोन समांतर नळ्या घाला, पहिली लहान. सुरुवातीची वर्षं तिच्यावरच निघतील. चेंबरला प्लास्टिकचं अस्तर, गरज पडली तर पंपघरात कॅल्शियम नायट्रेटचा डोस. चेंबरची दुरुस्ती कुणाच्या खात्यावर, तेही लिहा: झीज होते खालच्या हद्दीत, कारण मात्र वरच्या नळीत.

खोरे:
नदीचा हिशेब कुणीच मांडला नाही. वरचं शहर आज जे 12 एमएलडी नदीत सोडतं ते आता 9 किलोमीटर खाली जाईल. उन्हाळ्यात मधला पट्टा त्या पाण्यावरच वाहत असेल तर तो आटेल. आधी उन्हाळ्यातला किमान प्रवाह मोजा.

केंद्राच्या खालचा हिशेब: नदी 100 एमएलडी, तिचा बीओडी 2, तुमचं 18 एमएलडी 10 बीओडीने सोडलं, तर मिश्रण 3.2. तीच नदी 20 एमएलडीवर आली की 5.8. शिवाय ऑक्सिजनचा तळ (जिथे तो सर्वांत कमी असतो) पाणी सोडण्याच्या जागी नसतो, पुढे काही किलोमीटरवर येतो; स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी 1925 मध्येच त्याचं गणित मांडलं. तिथे तिसऱ्या गावाचं पाणी उचलण्याचं ठिकाण असेल तर ते गाव करारात बसवायलाच हवं. जर्मनीत एम्शर खोऱ्यातली गावं, खाणी आणि कारखाने 1899 पासून एकाच संस्थेत आहेत, ते याच कारणाने: प्रवाहाला हद्द कळत नाही.

नदीकाठ:
पावसाचं पाणी वाहिन्यांत शिरतं, त्याचं काय?

चेंबर-मापक:
पहाटे 2 ते 4 चा प्रवाह कोरड्या दिवसांत आणि पावसाळ्यात वेगवेगळा मोजा. फरक म्हणजे बहुतेक शिरलेलं पाणी. प्रत्येक शहराला कमाल प्रवाहाची मर्यादा घाला. ती ओलांडली तर जादा आकार, आणि ठरलेल्या मुदतीत गळक्या वाहिन्या दुरुस्त करायची अट. नुसता दंड ठेवला तर तो भरून मोकळं होणं सोपं जातं, आणि भोकं तशीच राहतात.