खासगी एफएमवर बातम्यांना बंदी कशासाठी?

रानवारा:
खासगी वृत्तवाहिन्या चोवीस तास चालतात. खासगी एफएमला मात्र स्वतःची बातमी देता येत नाही. केंद्र सरकारच्या २०११च्या एफएम धोरणाने मुभा दिली ती एवढीच, की आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं पुन्हा ऐकवायचं. हवामान, वाहतूक, पाणीपुरवठा, परीक्षांचे निकाल हे बातमीत मोडत नाही, म्हणून चालतं. म्हणजे उद्या पाणी येणार नाही हे सांगायचं. का येणार नाही हे पालिकेला विचारून सांगितलं, की झाली बातमी! प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच म्हटलंय, निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. मग ही बंदी कुणाच्या सोयीची?

कोरडवाहू:
त्याच निकालात लहरींच्या नियमनासाठी स्वायत्त सार्वजनिक संस्था नेमा, असंही होतं. ते का गाळलंत? खासगी रेडिओचे परवाने आजही केंद्र सरकारचं माहिती व प्रसारण मंत्रालयच देतं. अशात बातम्या खुल्या केल्या, तर गावोगावचे पुढारी केंद्रं ताब्यात घेतील. रवांडात १९९४ मध्ये आरटीएलएम या खासगी केंद्राने माणसांची नावं घेऊन त्यांना मारायला लोकांना चिथावलं. रेडिओला वाचता यावं लागत नाही, म्हणून त्याची मला जास्त भीती वाटते.

सांजवात:
आरटीएलएम तिथल्या सत्ताधारी गटाच्याच जवळचं होतं. शेजारी नेपाळ बघा. रेडिओ सगरमाथा १९९७ मध्ये सुरू झाला, पुढे खेड्यापाड्यांत एफएम बातम्या देऊ लागले. फेब्रुवारी २००५ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली आणि लगेच एफएमच्या बातम्या बंद केल्या. वाचता न येणाऱ्याला बातमी कळते, हीच त्यांची अडचण होती.

कोरडवाहू:
नेपाळचं मान्य. पण हवेत विरलेल्या शब्दाचा जाब कसा विचारणार?

रानवारा:
संस्था स्थानिक लोकांसाठी चालवतात त्या कम्युनिटी रेडिओला प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपावं लागतं. तीच अट इथेही लावा. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही खासगी एफएमला तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्या, अशी शिफारस केली. स्वायत्त संस्था हवीच, माझीही तीच मागणी आहे. पण ती होईपर्यंत ऐकणाऱ्याला का अडवायचं?

कोरडवाहू:
ध्वनिमुद्रणाची अट पटली. तिच्या जोडीला केंद्राचा खरा मालक कोण, हे दर बातमीपत्राच्या सुरुवातीला सांगायची सक्ती करा. तेवढं झालं तर १० मिनिटांना माझा विरोध नाही. त्याशिवाय मात्र आहे.