खोटे संदर्भ, नकली जर्नल: एका तासिकेत काय शिकवावं?

देवघेव_काउंटर:
आमच्याकडे एम.ए., एम.एस्सी. दोन्ही आहे. प्रकल्पांच्या संदर्भसूचीत एआयने रचलेले लेख सर्रास येताहेत. प्राध्यापकांचं दुखणं वेगळं. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) बंद केल्यापासून 'हे जर्नल खरं का?' हा प्रश्न थेट ग्रंथालयात येतो. हाताशी एक तासिका आणि १२ संगणक. निकषांची भित्तिपत्रकं लावून झाली, उपयोग शून्य.

संदर्भकक्ष:
भित्तिपत्रकं वाचकाला त्याच पानाकडे टक लावून बसवतात. संपादक मंडळ आहे, पत्ता आहे, आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आहे, म्हणजे झालं! फसवणाऱ्यालाही हे निकष पाठ असतात. पानावरून उठून दुसऱ्या टॅबमध्ये चौकशी करायला शिकवा.

दर संगणकाला पाच संदर्भांची चिठ्ठी द्या, तीन खरे, दोन बनावट. आधी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, तपासायचा. तो सापडलाच नाही तर काम सोपं. खरी फसगत होते ती डीओआय उघडतो पण लेख भलताच निघतो तेव्हा. म्हणून शीर्षक आणि पहिला लेखक ताडून बघायचाच. मग जर्नलच्या संकेतस्थळावर तोच खंड, तोच अंक उघडून सांगितलेल्या पानांवर कोणाचा लेख आहे ते पाहायचं. एआय बरेचदा लेखक खरा देतं, जर्नलही खरं देतं. लेख तेवढा नसतो.

बांधीव_खंड:
पण डीओआय नाही म्हणजे खोटं, हे मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. 'नवभारत' किंवा 'मराठी संशोधन पत्रिके'च्या जुन्या अंकांना डीओआय कुठून असणार? तिथे खंड काढून अनुक्रमणिका बघायची. अंक आपल्याकडे नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून त्या पानाचा फोटो मागवायचा.

संदर्भकक्ष:
बरोबर, हे राहिलंच होतं.

तिसरा_मजला:
प्राध्यापकांसाठी: नकली जर्नल खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन उचलतं, त्यामुळे क्रमांक जुळला याला काडीचा अर्थ नाही. आयएसएसएन पोर्टलवरच्या नोंदीतला संकेतस्थळाचा पत्ता आणि ईमेलमध्ये आलेला पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा. नोंदीत पत्ता नसेल तर छापील अंकाच्या मलपृष्ठावरचा घ्या. एकाच अंकात कायदा, शेती आणि नॅनोकण शेजारी नांदत असतील आणि दोन दिवसांत 'स्वीकृत' येत असेल, तर पुढे बघायलाही नको.

दुसरं म्हणजे मागे घेतलेले लेख. मोठं नाव बघून थांबू नये, याला 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला, कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधाबद्दलचा लेख दाखवा: ९६ हजार रुग्णांची आकडेवारी, २२ मे २०२० ला प्रसिद्ध, ४ जूनला मागे. विदा (डेटा) स्वतंत्रपणे तपासायला मिळालीच नाही, म्हणून. झोटेरोत (संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असा लेख असला तर लाल पट्टी येते, पण नोंदीत डीओआय किंवा पबमेड (वैद्यकीय लेखांची सूची) क्रमांक असेल तरच. हाताने टंकलेल्या, क्रमांक नसलेल्या नोंदींना पट्टी येत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. त्या नोंदी रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या लेखांच्या, विदागारात शीर्षकाने शोधा. २०२३ पासून ते डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे, मोफत.

देवघेव_काउंटर:
मुलांचं जमेल. पण प्राध्यापक तासिकेला बसायचे नाहीत.

तिसरा_मजला:
बोलावूच नका. 'लेख छापण्याचं शुल्क भरण्याआधी जर्नलची लिंक ग्रंथालयाला पाठवा, त्याच दिवशी उत्तर' एवढी एक ओळ विभागाच्या ग्रुपवर टाका. उत्तरात 'नकली' असा शिक्का मारू नका. काय जुळलं, काय जुळलं नाही तेवढंच लिहा. नाहीतर आधीच तिथे लेख छापून बसलेले सर पहिल्याच दिवशी भांडायला येतील.