गाडी कुठली आणि बैल कुठला?

"किमान वेतन वाढवलं की महागाई वाढणारच, मग कामगाराच्या हाती काय?" हा नेहमी ऐकू येणारा मुद्दा अर्धाच खरा वाटतो.

अमेरिकेत संघराज्याचं किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच अडकलंय. तरी जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. (काही राज्यांनी आपापले दर वाढवले, हे मान्य.) तेव्हा तेल, धान्य, कोविडनंतरची मालटंचाई, सरकारने वाटलेला पैसा ही कारणं जास्त वजनदार होती.

भाव अजिबात वाढत नाहीत असंही नाही. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, म्हणजे जवळपास १९ टक्के वाढ. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना तिथल्या फास्ट फूडचे भाव शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यापेक्षा सुमारे ४ टक्के जास्त वाढलेले दिसले. हिशेब सोपा आहे: खर्चात मजुरी ३० टक्के असेल आणि ती १० टक्क्यांनी वाढली, तर सगळा बोजा गिऱ्हाइकावर टाकूनही भाव ३ टक्केच चढतो. शिवाय तो एकदाच चढतो. महागाई म्हणजे भाव चढतच राहणं.

आपल्याकडे तर उलटंच आहे. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईपोटी मिळणारा भाग) दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे रोजच्या वस्तूंचे भाव किती चढले ते दाखवणारा आकडा, बघून ठरतो. म्हणजे आधी डाळ-तेल महागतं, मग भत्ता हलतो. तोही कागदावर; ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला तो प्रत्यक्षात मिळतो का, हे विचारून बघा.