रॉ फूड डाएट कोणी केलंय का? नाशिककरांनो सांगा

गोदाकाठची: ऑफिसातल्या एकीचं बघून मलाही करून बघायचंय, म्हणजे शिजवायचं काहीच नाही, फळं, कोशिंबिरी, मोडाची कडधान्यं एवढंच. सासूबाई म्हणतात पोट धरून बसशील. राजमा भिजवून कच्चा चालतो का?

मटकीवाला: राजमा अजिबात नको ताई!! कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, चार-पाच दाण्यांनीसुद्धा उलट्या जुलाब होऊ शकतात, मोड आले तरी नीट उकळल्याशिवाय खायचा नाही. मूग मटकी चालतात, पण मोडांना जी दमट ऊब लागते तीच जंतूंनाही लागते त्यामुळे फडकं स्वच्छ ठेवा आणि मोड आले की लगेच फ्रिजमध्ये. घरात लहान मुलं किंवा कोणी गरोदर असेल तर त्यांना वाफवूनच द्या.

पंचवटीकर: द्राक्षं आपल्याकडे भरपूर पण फवारणी असते, घड मोकळे करून वाहत्या पाण्यात धुवा. आणि रविवारची मिसळ सोडायची तर नाशकात राहायचं कशाला 😄

आजीचाडबा: सगळंच कच्चं कशाला? टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) तर शिजवून, थोड्या तेलाबरोबर जास्त लागू पडतं. दूधही बंद करणार असाल तर बी१२ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारा, ते फळं-भाज्यांतून मिळत नाही. मी दुपारी काकडी, गाजर, दाण्याचं कूट घालून मोठा वाडगा खाते, रात्री भाकरी पिठलं. झेपतं.

गोदाकाठची: राजमा कॅन्सल. दुपारचंच करून बघते. कच्चा फ्लॉवर खाल्ला की गॅस होतो, तो कोणाला पचतो का?