उन्हाळी टोमॅटोत ट्रायकोकार्डमधून मित्रकीटक कमी निघाले

प्रश्न (दिंडोरी):
नमस्कार. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी एप्रिलमध्ये टोमॅटोत ट्रायकोकार्ड लावले, म्हणजे ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाने आत अंडी घातलेली पतंगाची अंडी चिकटवलेले कार्ड. कार्डावरील बहुतेक अंडी काळी होती, म्हणजे आत ट्रायकोग्रामा (किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती नष्ट करणारा बारीक कीटक) वाढलेला होता. तरीही भिंगातून पाहिले असता बाहेर पडल्याची गोल छिद्रे मोजक्याच अंड्यांवर दिसली. दुपारी पारा ३८ अंशांच्या पुढे जातो. दोष कार्डाचा मानावा की उन्हाचा?

उत्तर (नाशिक, मित्रकीटक प्रयोगशाळेत कार्यरत):
उन्हाचाच संशय अधिक आहे. ट्रायकोग्रामाला साधारण २५ ते २८ अंश तापमान मानवते आणि त्यात अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ आठ ते दहा दिवसांत पूर्ण होते. पारा ३५ च्या वर राहिला की आतला कीटक अंड्यातच मरू लागतो, आणि जे बाहेर पडतात त्यांचे आयुष्य व अंडी घालण्याची क्षमता दोन्ही घटतात. शिवाय उष्णतेत शेतातल्या किडीच्या पतंगाची अंडीही दोन-तीन दिवसांतच उबतात, आणि अळी बाहेर पडली की ट्रायकोग्रामाचा काहीच उपयोग उरत नाही, म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) पतंग दिसू लागताच कार्ड लावावे. कार्डाच्या पट्ट्या संध्याकाळी, झाडाच्या मध्यावरील पानांच्या खालच्या बाजूस स्टेपल कराव्यात. उन्हाळ्यासाठी बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ट्रायकोग्रामा किलोनिस या प्रजातीचा उष्णता सहन करणारा वाण विकसित केला आहे. मागणी नोंदवताना तो मिळेल का, हे अवश्य विचारा.

उत्तर (पिंपळगाव बसवंत):
प्रवासाचाही विचार करावा. दुपारी मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेले कार्ड शेतात पोहोचण्याआधीच भाजून निघते. आम्ही ते सकाळी लवकर, थर्मासमध्ये आणतो. मात्र बर्फ कार्डाला थेट लागू देत नाही.

प्रश्न (निफाड):
आमच्याकडे जानेवारीत पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा कार्ड लावावे का?

उत्तर (नाशिक, मित्रकीटक प्रयोगशाळेत कार्यरत):
अशा कडाक्यात नको. थंडीने कीटक लगेच मरतो असे नाही, पण वाढ फार रेंगाळते आणि प्रौढ जवळपास उडतच नाहीत, त्यामुळे शेजारच्या झाडावरची अंडीही त्यांच्या हाती लागत नाहीत. दुपारचे तापमान २० च्या वर स्थिर झाले की सुरुवात करा, आणि तेव्हा कार्ड संध्याकाळऐवजी सकाळी, दव ओसरल्यावर लावा, म्हणजे कीटकांना दिवसभराची ऊब मिळेल.